पोरात खुन्नस नाही, म्हणजे नक्की काय नाही?

दिवाळी सरली, भाताची झोडणी झाली की रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत रिकाम्या मळ्यांवर मैदानं आखली जातात. दगड वेचून, पाणी मारून माती दाबली जाते, बांबूंवर हॅलोजन चढतात आणि रात्री उशिरापर्यंत कबड्डीचे सामने रंगतात. या मैदानांच्या कडेला उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "पोरगं खेळतं चांगलं, पण त्याच्यात खुन्नस नाही." वडील म्हणतात, मंडळाचे जुने खेळाडू म्हणतात, कधी प्रशिक्षकही म्हणतात. मग इलाज म्हणून पोराला डिवचायला सुरुवात होते. "भियालंस काय रे?" "तुझ्यापेक्षा बारका पोरगा बघ कसा भिडतो!"

या तक्रारीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. समोरच्याला हरवायची ईर्ष्या ही एक. कुणी न सांगता, कुणी बघत नसताना संध्याकाळी पाय मैदानाकडे वळणं ही दुसरी. एखाद्या मुलात दोन्ही भरपूर असतील, एखाद्यात एक भरपूर आणि दुसरी नावापुरती. क्रीडा मानसशास्त्रात या दोहोंचा अभ्यास बराचसा स्वतंत्रपणे झाला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिलीला आपण नको तितकं खतपाणी घालतो आणि दुसरी आपोआप येईल असं धरून चालतो.

गंमत म्हणजे चढाओढीच्या अभ्यासाची सुरुवातच मासेमारीच्या रिळापासून झाली. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाचे संशोधक होते. सायकल शर्यतींचे आकडे चाळताना त्यांना दिसलं की एकट्याने वेळ लावून सायकल मारणाऱ्यापेक्षा कुणाच्या तरी सोबतीने मारणारा वेगात जातो. मग त्यांनी मुलांना गळाची दोरी गुंडाळायची रिळं फिरवायला दिली, काही फेऱ्या एकट्याने आणि काही दुसऱ्या मुलाच्या शेजारी उभं राहून. १८९८ साली निकाल छापून आले. चढाओढ असली की मुलं जास्त जोरात रीळ फिरवतात, एवढंच पुढे पुस्तकांतून सांगितलं गेलं. मूळ निकाल याहून मजेशीर होते. ४० मुलांपैकी २० जणांचा वेग वाढला, १० जणांना काही फरक पडला नाही आणि उरलेल्या १० जणांचा वेग चक्क घटला. या शेवटच्या दहांचं वर्णन ट्रिप्लेटनी करून ठेवलं आहे: चेहरे लाल, धाप लागलेली, हाताचे स्नायू ताठलेले. शंभरेक वर्षांनी हेच आकडे आधुनिक गणिताने पुन्हा तपासले गेले, तेव्हा चढाओढीचा एकूण परिणाम जेमतेमच निघाला. स्पर्धेत उतरवलं की पोरं पेटतात, हे सरसकट कधीच खरं नव्हतं.

कोण पेटतं आणि कोण ताठतं, याचं बरंचसं उत्तर १९६५ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी दिलं. लोक बघत असले, समोर कुणी भिडायला उभं असलं की शरीर आपोआप तापतं, छाती धडधडते, स्नायू सज्ज होतात. अशा वेळी माणूस जे सगळ्यांत पक्कं बसलं आहे तेच करतो. पक्कं बसलेलं बरोबर असेल तर कामगिरी सुधारते. अजून शिकणं चालू असेल तर बिघडते.

कबड्डीत हे रोज दिसतं. चौदा वर्षांचा चढाईपटू सरावात पाय मागे फेकून कोपऱ्यातल्या गड्याला टिपायला शिकतो आहे. दहादा केलं तर तीनदा जमतं. शनिवारी रात्री चारशे माणसांसमोर, दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतरची तिसरी चढाई, गुण नाही आणला तर बाद. त्या तीस सेकंदांत तो नवीन डावपेच करून बघणार नाही. हात लांब करून शिवायचा जो प्रकार त्याला चौथीपासून येतो तोच करणार, कारण पक्का तोच आहे. आता हंगामभर दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असेल आणि मधले दिवस दमलेलं अंग सावरण्यात जात असतील, तर त्या मुलाला नवीन काही पक्कं करायला वेळ कधी मिळणार? स्पर्धेत आधी शिकलेलं तपासलं जातं. शिकणं मात्र सरावात, चुका झाल्या तरी कुणी हसणार नाही अशा ठिकाणीच होतं. आयोजकांना हे सांगितलं तर राग येतो, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वर्षात ढीगभर ट्रॉफ्या मिळवून देणारं वेळापत्रक त्यांच्या खेळाच्या मुळावर येऊ शकतं.

त्यात वयाची भानगड. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. कट-ऑफ तारखेला चौदा पूर्ण व्हायला जेमतेम दिवस उरलेला मुलगा आणि बाराव्या वर्षात असलेला मुलगा एकाच गटात उतरतात. त्या वयात दोन वर्षं म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटर उंची सहज. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या. वरच्या गटांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी आणि वर्षअखेरीस जन्मलेले मोजके, असं चित्र दिसलं. तिथे वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते, एवढंच त्यामागचं गुपित. नंतर अनेक देशांत, अनेक खेळांत असंच आढळलं.

या रेघेचा परिणाम मनावर दोन्ही बाजूंनी होतो. लवकर वाढलेला मुलगा वजनाच्या जोरावर जिंकतो, त्याचं कौतुक होतं, पण पायांचं काम, वेळ साधणं, साखळी करताना जोडीदाराकडे लक्ष ठेवणं हे शिकायची त्याला गरजच पडत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला आले की तो गोंधळतो. उशिरा वाढणाऱ्याचं उलट. तो तगायचा म्हणून डोकं वापरतो, चपळ होतो आणि नेमका पंधराव्या वर्षी, फळ दिसायच्या आधी, कंटाळून बाहेर पडतो. त्याच्याबद्दल "खुन्नस नव्हती" असं म्हणणारी माणसं त्याची उंची मोजायला विसरलेली असतात.

मुलांच्या डोक्यात "मी चांगला" हे मोजायचं माप वयाबरोबर बदलतं, आणि मला वाटतं सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. जॉन निकोल्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलांना मेहनत आणि अंगचं कसब या दोन गोष्टी नीट वेगळ्या करता येत नाहीत. आठ वर्षांच्या मुलीला विचारा, तुमच्या वर्गात खो-खोत सगळ्यांत चांगली कोण? जी जास्त धावते, जास्त प्रयत्न करते तीच तिच्या लेखी चांगली. त्यामुळे हरली तरी ती फार काळ हिरमुसत नाही. उद्या अजून जोरात धावेन, संपलं.

पुढे समज येते की दोघी सारख्याच मेहनत करूनही एक पुढे जाते, म्हणजे तिच्यात काहीतरी जास्त आहे. ही समज खरीच आहे, पण तिच्यासोबत एक धोका येतो. आता जीव तोडून खेळणं जोखमीचं होतं. सगळा जीव लावला आणि तरी हरलो, तर सिद्ध काय होणार? आपल्यात दमच नाही. त्यापेक्षा जीव लावलाच नाही असं दाखवलेलं बरं. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांची दुखणी नेमकी सामन्याच्या सकाळी का उपटतात, याचं एक कारण हे आहे. घोटा दुखतो, रात्री झोप नाही लागली, बूट चावतो. हरल्यावर सांगायला कारण तयार, आणि जिंकलो तर दुप्पट वाहवा. १९७८ साली बर्ग्लास आणि जोन्स या दोघांनी या वागण्याचा प्रयोग करून अभ्यास केला होता. मुलं हे जाणूनबुजून करतात असंही नाही, त्यांना घोटा खरोखरच दुखत असतो. (दुखणं खरंच असू शकतं, तेव्हा आधी घोटा बघा, मानसशास्त्र नंतर.) अशा मुलाला "घाबरट" म्हणणं म्हणजे ज्या भीतीने तो लपतो आहे तीच चारचौघांत खरी ठरवणं.

निकोल्स आणि नंतरच्या संशोधकांनी यशाकडे बघण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एकीत मूल कालच्या स्वतःशी तुलना करतं: मागच्या आठवड्यात जमत नव्हतं, आता जमतं. दुसरीत शेजाऱ्याशी: मी त्याच्या वर की खाली. या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध टोकांना नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. एकाच खेळाडूत दोन्ही जोरात असू शकतात, आणि वरच्या पातळीवर खेळणाऱ्या कित्येकांत त्या असतातच. अडचण होते ती फक्त दुसरीच असते तेव्हा. समोरचा कमजोर असेल तर असं मूल आळसावतं आणि तगडा असेल तर खचतं, कारण त्याची सगळी मोजणी समोरच्यावर टांगलेली असते.

इथे खो-खोला एक देणगी आहे, जिचा उपयोग आपण पुरेसा करत नाही. खो-खोच्या गुणपत्रिकेत बचाव करणारा गडी किती मिनिटं, किती सेकंद टिकला याची नोंद होते. वर्तमानपत्रातल्या बातमीतही नावापुढे कंसात ती वेळ येते. संघ हरला तरी मुलीकडे स्वतःचा आकडा असतो: मागच्या महिन्यात सव्वा मिनिट, आज एक मिनिट चाळीस. ती वही प्रशिक्षकाच्या पिशवीत न ठेवता मुलींच्या हातात द्यावी. कबड्डीत असा तयार आकडा नाही, पण काढता येतो. दहा चढायांत किती वेळा निदानरेषेपलीकडे (चढाईत ओलांडावी लागते ती रेघ) जाऊन सुखरूप परत आला, किती पकडींत पहिला हात त्याचा होता, हे पाटीवर खडूने मांडायला कितीसा वेळ लागतो!

आता बक्षिसांबद्दल, कारण यावर टोकाची मतं आहेत. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढायची ज्यांना मुळातच आवड होती अशी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड तशीच राहिली. आमिष दाखवलं की मुलाच्या मनात आधी आवडीचं असलेलं काम मजुरीचं होतं, असा त्याचा अर्थ. एडवर्ड डेसी यांनाही १९७१ मध्ये कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांत पैशांबाबत असंच काही दिसलं होतं.

यावरून "मुलांना बक्षीसच देऊ नका" असा निष्कर्ष काढणारे सल्लागार मला पटत नाहीत. निदान कोकणात तरी तो सल्ला पोटभर जेवलेल्या माणसाचा वाटतो. इथे खेळाला चषकापलीकडचं मोल आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांचे संघ आहेत. २०१४ पासून प्रो कबड्डी आहे, २०२२ पासून खो-खोचीही लीग आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकला, त्या दोन्ही संघांचे कर्णधार मराठी होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्या घरात वडील बोटीवर खलाशी आहेत किंवा दुसऱ्याच्या कलमांची राखण करतात, त्या घरातल्या मुलीला "नुसत्या आनंदासाठी खेळ" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे हा प्रश्न अधिक बारकाईने सोडवला. बाहेरून येणारी प्रेरणा सगळी एका जातीची नसते, असं त्यांचं म्हणणं. मार चुकवण्यासाठी किंवा शंभराच्या नोटेसाठी खेळणं वेगळं. "मला पोलीस व्हायचंय, त्यासाठी मी रोज पळणार" हे वेगळं, जरी दोन्हींत फळ खेळाबाहेरच असलं तरी. दुसऱ्या प्रकारात ध्येय मुलीने स्वतःचं मानलेलं असतं, आणि अशी प्रेरणा पावसापाण्यात टिकते. तेव्हा नोकरीचं स्वप्न कुणाचं आहे हे पाहायला हवं. ते तिचं असेल तर चालेल. वडिलांचं राहून गेलेलं असेल आणि तिच्या खांद्यावर ठेवलेलं असेल, तर पहिल्या मोठ्या पराभवानंतर ती घरी बसण्याची शक्यता मोठी.

आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात, असं डेसी-रायन सांगतात: आपल्या वागण्यात आपलं काही चालतं असं वाटणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं बरोबर असणं. जमण्याबद्दल वर लिहिलंच. आपल्या माणसांच्या बाबतीत कोकण श्रीमंत आहे. वाडीचं मंडळ, त्याचा रंग ठरलेला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले की त्यांच्यातले जुने गडी मुलांबरोबर मातीत उतरतात. कुठल्याही अकादमीला पैसे मोजून हे मिळणार नाही. फक्त एक पथ्य हवं. वाडीची इज्जत, गेल्या वर्षीचं भांडण, समोरच्या वाडीने लाटलेली ट्रॉफी, हा मोठ्यांचा हिशोब चौदा वर्षांच्या पोराच्या चढाईवर चुकता करायला जाऊ नये. हरल्यावर आपल्याला जवळ करतील की नाही, अशी शंका ज्या मुलाला येते त्याच्यासाठी मंडळाची सोबतच ओझं होते.

सगळ्यांत कमी मिळतं ते आपलं काही चालणं. आपल्याकडे मैदानावर बोलतो तो सर, ऐकतात ती पोरं. शिस्त हवीच, पण शिस्तीच्या आतही मुलांना ठरवायला जागा ठेवता येते. आजचा वॉर्मअप कोण घेणार, बचावाची पहिली तुकडी कोणती, मध्यंतरानंतर काय बदलायचं, हे आधी त्यांना विचारावं आणि मग आपलं सांगावं. "वीस फेऱ्या मार" म्हणताना त्या कशासाठी, हेही सांगावं. कडेवरून प्रत्येक चढाईला "बोनस घे! मागे ये! उजवीकडे!" असं ओरडणारा माणूस चढाईपटूला विचार करायचं कामच शिल्लक ठेवत नाही. आणि घरी जाताना, बाइकच्या मागच्या सीटवर हरलेलं मूल बसलेलं असताना, सामन्याचं विश्लेषण नको. त्याने विषय काढला तर बोलावं, नाहीतर वडापाव खायला थांबावं.

प्रो कबड्डी आल्यापासून मांडी थोपटणं, दंड दाखवणं हे लहान मुलांतही आलं आहे. बघायला मजा येते, मलाही. पण आरडाओरडा करणारा तो जिद्दी आणि गप्प राहणारा तो थंड, ही समजूत चुकीची आहे. स्वभाव आणि जिद्द यांचा तसा काही संबंध नाही. मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होतात, तिथे जाऊन बघा. किती तरी पोरं कुणाशी बोलत नाहीत, कुणाला आव्हान देत नाहीत, पाण्यात शिरतात आणि आपलं अंतर कापून बाहेर येतात. त्यांना खुन्नस नाही असं म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

मग लहानपणी स्पर्धाच नको का? नॉर्वेचं उदाहरण हल्ली वारंवार दिलं जातं. तिथे १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले गेले, ते २००७ मध्ये सुधारले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे निकाल-तक्ते लावत नाहीत आणि तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. याच देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदकं मिळवून पहिला क्रमांक पटकावला. बर्फ, पैसा आणि सुविधा तिथे मुबलक आहेत, त्यामुळे नियमांमुळेच पदकं आली असं कुणी म्हणू नये. एवढं मात्र दिसतं की लहानपणी तक्ते न लावल्याने त्यांच्या पोरांची धार काही बोथट झाली नाही. खेळ तिथेही होतात, गोल मोजले जातात, कोण जिंकलं हे मुलांना ठाऊक असतं. मोठी माणसं फक्त त्याचा उत्सव करत नाहीत.

मुलात ओढ आहे का हे बघायचं असेल तर हंगामात बघू नका. जून-जुलैत बघा. मळ्यात लावणी चालू असते, गावोगावच्या स्पर्धा बंद असतात, शालेय स्पर्धांना अजून अवकाश असतो, टाळ्या वाजवायला कुणी नसतं. त्या दिवसांत जो मुलगा पडवीत दोरीवरच्या उड्या मारतो, शाळेच्या व्हरांड्यात मित्राला धरून पकडीचा हात बसवतो, त्याला आतून काहीतरी हवं आहे. असं न करणाऱ्यावर लगेच शिक्का मारू नये, कारण कित्येक घरांत लावणीला हात लागतात आणि ती पोरं चिखलात दिवसभर वाकलेली असतात.

मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच. आठवी-नववीनंतर खेळ सुटलेल्या मुलींबद्दल "इंटरेस्ट गेला" असं सहज म्हटलं जातं. चौकशी केली तर कारणं वेगळी निघतात. मैदानाजवळ कपडे बदलायला जागा नाही, पाळीच्या दिवसांत काय करायचं हे विचारायला कुणी बाई नाही, आणि सराव सहाला सुटतो तर गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला. अशा मुलीला प्रेरणेवर व्याख्यान देण्याआधी सरावाची वेळ बदलता येते का ते बघावं. शाळा सुटल्यावर तिथल्याच पटांगणात पाऊण तास घेतला किंवा सकाळी पहिल्या गाडीने येणाऱ्या मुलींसाठी प्रार्थनेआधीचा वेळ धरला, तरी आठवड्याचे चार-पाच सराव सहज होतात.